टपाल रस्त्यांचे जुने छापील नकाशे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

युरोपात साधारण १५०० ते १८०० या काळात प्रवाशांसाठी छापलेले रस्त्यांचे आणि टपाल मार्गांचे नकाशे आता घरबसल्या संगणकावर उघडता येतात. उघडल्यावर मात्र गोंधळ उडतो. डोंगर धड नाहीत, नद्या अर्धवट, आणि सगळीकडे रेघा, ठिपके, मध्येच एखादा आकडा. हा कागद मुळात हिशेबासाठी काढलेला आहे. किती ठिकाणी घोडे बदलायचे आणि किती टप्प्यांचे पैसे मोजायचे, हे त्यावरून कळायचे. एवढे ध्यानात ठेवले तर पुढची बहुतेक उत्तरे आपोआप लागतात.

टपाल रस्त्यांचा नकाशा आणि रस्त्यांचा साधा नकाशा यांत फरक काय?

साध्या नकाशावर गावे आणि त्यांना जोडणारे रस्ते असतात. टपाल नकाशावर फक्त ते रस्ते असतात ज्यांवर ताजे घोडे मिळण्याच्या चौक्या आहेत. एखादा रस्ता कितीही रुंद, कितीही वर्दळीचा असला तरी त्यावर चौकी नसेल तर तो या नकाशात येत नाही. उलट एखादे आठ-दहा घरांचे खेडे ठळक अक्षरांत दिसते, कारण तिथे तबेला आहे. म्हणून या नकाशावरून गावाचे महत्त्व किंवा लोकसंख्या ठरवायला जाऊ नये.

'पोस्ट' म्हणजे नेमके काय? अंतर, जागा की पत्र?

तिन्ही. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ 'ठेवलेले, नेमून दिलेले'. वाटेवर घोडे नेमून ठेवलेली जागा ती पोस्ट. पुढे एका जागेपासून दुसऱ्या जागेपर्यंतच्या अंतराला तेच नाव पडले, मग त्या अंतराच्या भाड्याला, आणि अखेर त्या वाटेने जाणाऱ्या पत्रांना. मराठी वाचकाला हे चटकन उमगते. आपला 'टप्पा' हा शब्दही डाकेची माणसे बदलण्याची जागा आणि तेवढे अंतर अशा दोन्ही अर्थांनी वापरात होता. या पानावर चौकी म्हणजे जागा आणि टप्पा म्हणजे दोन चौक्यांमधले अंतर, असे शब्द वापरले आहेत. 'पोस्ट' हा शब्द मापाच्या एककासाठी राखून ठेवला आहे.

सर्वांत जुना छापील नकाशा कोणता?

रस्त्यांचा म्हणत असाल तर न्यूरेंबर्गच्या एरहार्ड एट्झलाउबचा. रोममध्ये १५०० हे ख्रिस्ती जयंती वर्ष होते आणि जर्मन भाषक प्रदेशांतून यात्रेकरूंची रीघ लागणार होती. त्यांच्यासाठी त्याने लाकडी ठशावर 'रोमची वाट' छापली. शीर्षकातच सांगितले आहे की वाट मैलामैलाला ठिपके देऊन दाखवली आहे. दोन ठिपक्यांमध्ये एक जर्मन मैल, म्हणजे सुमारे ७.४ किलोमीटर. ठिपके मोजले की अंतर हाती आले. अक्षरओळख नसलेल्यालाही ते जमण्यासारखे होते. १५०१ मध्ये त्याचाच पवित्र रोमन साम्राज्यातल्या, म्हणजे मुख्यतः जर्मन प्रदेशांतल्या, हमरस्त्यांचा नकाशा आला.

मात्र हे टपाल नकाशे नव्हेत. त्यांत चौक्या नाहीत. टपाल मार्गांचा म्हणून सर्वांत आधीचा मानला जातो तो फ्रान्सचा १६३२ चा नकाशा. पॅरिसच्या मेल्खियोर ताव्हेर्निए याने तो प्रसिद्ध केला आणि त्याचे श्रेय निकोला सांसाँ या नकाशाकाराला दिले जाते. इटलीचा जाकोमो कान्तेल्ली दा विन्योला याने केलेला 'टपाल चौक्या व मुख्य रस्ते' दाखवणारा नकाशा रोममध्ये १६९५ साली निघाला. जर्मन प्रदेशांसाठी प्रागचा टपाल अधिकारी योहान पेटर नेल याचा १७०९ चा नकाशा पाया ठरला. न्यूरेंबर्गच्या योहान बाप्टिस्ट होमानने त्यावरून १७१४ मध्ये काढलेली आवृत्ती पुढे घरोघरी पोचली.

डाकव्यवस्था १४९० च्या सुमाराची, मग नकाशाला १६३२ का उजाडले?

कारण घोड्यावरच्या माणसाला आधी यादी लागते. पुढची चौकी कोणती, तिच्यापुढची कोणती आणि मध्ये किती अंतर, एवढे कळले तर काम भागते. अशी याद्यांची पुस्तके नकाशांच्या कितीतरी आधी आली. शार्ल एस्तिएन याचे फ्रान्सच्या वाटांचे खिशात मावणारे पुस्तक १५५२ चे आहे. त्यात जेवणाच्या मुक्कामाला एक अक्षर आणि रात्रीच्या मुक्कामाला दुसरे अशी सोय आहे, नकाशा एकही नाही. जोव्हान्नी दा लेर्बा हा जेनोआ प्रजासत्ताकाचा निरोप्या. त्याने १५६३ मध्ये रोममध्ये टपाल मार्गांची जंत्री छापली आणि ती अनेकदा पुन्हा निघाली.

यादीतला दोष असा की ती एकाच वाटेने नेते. मधेच दुसरीकडे वळायचे असेल, पूर येऊन पूल गेला असेल, तर कोणत्या चौकीवरून फाटा फुटतो हे यादीत शोधणे जिकिरीचे. रस्त्यांचे जाळे दाट झाल्यावर ही अडचण वाढली. म्हणूनच पुढे यादी आणि नकाशा जोडीने विकले जाऊ लागले. फ्रान्समध्ये १७०८ पासून जायो घराण्याने टपाल चौक्यांची वार्षिक यादी काढायला सुरुवात केली, आणि तिच्याबरोबर घडी घातलेला नकाशा असे. आज ग्रंथालयांत पुस्तक एकीकडे आणि नकाशा दुसरीकडे नोंदलेला सापडतो. दोन्ही शोधावेत, एकाशिवाय दुसरा अर्धाच कळतो.

चौक्या किती अंतरावर असत?

डाक चालवणाऱ्या तासिस या इटालियन घराण्याने १४९० मध्ये हाब्सबर्ग राजा मॅक्सिमिलियन याच्यासाठी इन्सब्रुक (आज ऑस्ट्रियात) ते मेखेलेन (आज बेल्जियममध्ये) अशी डाक बसवली तेव्हा टप्पे सुमारे पाच जर्मन मैलांचे, म्हणजे पस्तीस-सदतीस किलोमीटरचे होते. नंतर ते आखूड होत गेले. अठराव्या शतकात पंधरा ते वीस किलोमीटरवर चौकी ही सर्वसाधारण गोष्ट होती.

कारण घोड्याच्या दमात आहे. दुडक्या चालीने दीड-दोन तास पळाल्यावर घोड्याला विसावा हवाच. शिवाय तोच घोडा सावकाश चालत परत आपल्या तबेल्यात न्यायचा असतो, म्हणजे पंधरा किलोमीटरच्या टप्प्याला त्याला खरे तीस पडतात. टप्पा लांबवला की घोडे लवकर निकामी होतात. आखूड केला की तबेले, दाणावैरण आणि माणसे वाढतात. नकाशावर एखाद्या पट्ट्यात चौक्या दाट दिसल्या तर बहुधा चढण किंवा वर्दळ असते.

रेघा, ठिपके आणि आडव्या खुणा कशा वाचायच्या?

सर्वांना लागू पडेल असा एकच नियम नाही, आणि इथेच बहुतेकांची चूक होते. कुणी रेघेवर आडव्या छोट्या रेघा मारतो, कुणी दोन चौक्यांमध्ये आकडा लिहितो. एका नकाशात आडवी रेघ एका मैलाची, दुसऱ्यात पोस्टाची किंवा अर्ध्या पोस्टाची. होमानचा अर्थ जायोला लावला की हिशेब दुपटीने किंवा निमपटीने चुकलाच.

आधी खुणांची सूची शोधा. ती बहुधा शीर्षकाच्या नक्षीदार चौकटीखाली किंवा कोपऱ्यात, अगदी बारीक अक्षरांत असते. मग ज्यांचे आजचे रस्त्याचे अंतर ठाऊक आहे अशा चार-पाच टप्प्यांवर ती पडताळून पाहा. चारांपैकी तीन जुळले तर वाचन बरोबर आहे. चौथा जुळत नसेल तर तिथे घाट, नदीचा उतार किंवा पुढे सांगितलेली दराची भानगड असू शकते.

अंतर किलोमीटरमध्ये कसे काढायचे?

फ्रान्स : एक पोस्ट म्हणजे दोन लीग. टपालाची लीग २,००० त्वाझची (त्वाझ हे लांबीचे जुने फ्रेंच माप), म्हणजे ३.८९८ किलोमीटर, त्यामुळे एक पोस्ट ७.८ किलोमीटर. यादीत साडेचार पोस्ट लिहिले असेल तर सुमारे ३५ किलोमीटर. १८४० पासून फ्रान्सच्या टपाल पुस्तकांत मेट्रिक मापे येतात.

जर्मन प्रदेश : भौगोलिक मैल ७.४२ किलोमीटर आणि पोस्ट दोन मैलांची, म्हणजे पंधरा किलोमीटरला थोडी कमी. ऑस्ट्रियाचा मैल ७.५८६ किलोमीटर, म्हणून तिथली पोस्ट १५.२ च्या आसपास. सॅक्सनीचा टपाल मैल मात्र ९.०६२ किलोमीटरचा.

इटलीत सर्वांत जास्त सांभाळावे लागते. पोस्ट साधारण आठ मैलांची धरतात, पण मैल कुणाचा? रोमचा सुमारे १.४९ किलोमीटर, तोस्कानाचा १.६५, प्येमोंतेचा जवळजवळ २.४७. एकाच प्रवासात तीन राज्ये ओलांडली तर तीन मापे लागू होतात. म्हणून इटलीच्या नकाशावर मैल मोजण्याऐवजी टप्पेच मोजावेत.

नकाशावर टप्पा छोटा दिसतो, पण यादीत दीड पोस्ट का लिहिलेली असते?

कारण पोस्ट हे भाड्याचे एकक आहे. घाटात अंतर कमी असले तरी घोडे जास्त शिणतात, वेळ जास्त जातो, कधी जादा घोडा जोडावा लागतो. त्याची भरपाई पोस्ट वाढवून केली जाई. दुसरे कारण मानाचे. फ्रान्समध्ये पॅरिस किंवा लियाँ सोडताना पहिली पोस्ट दुप्पट आकारत, तिला शाही पोस्ट म्हणत. दरबार जिथे असेल त्या गावालाही हाच नियम. शहराजवळचा टप्पा मोजून अंतर काढणाऱ्याला म्हणूनच हमखास धक्का बसतो. अंतराचा अभ्यास करायचा असेल तर राजधानीलगतचे आणि घाटातले टप्पे हिशेबातून वगळा.

प्रवासाला वेळ किती लागे?

डाकेचे आकडे पक्के मिळतात, कारण ते करारात लिहिलेले आहेत. तासिस घराण्याशी झालेल्या १५०५ च्या करारानुसार ब्रसेल्स ते इन्सब्रुक उन्हाळ्यात साडेपाच दिवस आणि हिवाळ्यात साडेसहा. ब्रसेल्स ते पॅरिस ४४ तास, हिवाळ्यात ५४. १५१६ च्या करारात मुदत आणखी आवळली : इन्सब्रुक पाच दिवस, पॅरिस ३६ तास, रोम साडेदहा दिवस, हिवाळ्यात बारा. पिशवीबरोबर एक चिठ्ठी फिरे आणि प्रत्येक चौकीदार तिच्यावर पिशवी पोचल्याची वेळ लिही, त्यामुळे उशीर कुणाच्या अंगणात झाला ते कळे.

हे आकडे प्रवाशाला लावू नयेत. डाक रात्रंदिवस पळे आणि स्वार बदलत. प्रवाशाला झोपावे लागे, सामान असे, आणि चौकीत घोडे मोजकेच असले तर आधी सरकारी डाकेला मिळत. दिवसाला सहा-सात टप्पे झाले तर चांगली मजल मारली म्हणायची.

प्रवासी हा नकाशा प्रत्यक्षात कसा वापरत?

अठराव्या शतकातल्या फ्रान्सचे उदाहरण घेऊ. घरी बसून आधी नकाशावर वाट ठरवायची आणि फाटे कोणत्या चौकीवर आहेत ते टिपायचे. मग वार्षिक यादी उघडून त्या वाटेवरच्या चौक्या क्रमाने उतरवून घ्यायच्या, प्रत्येकीसमोर पोस्ट. बेरीज करून ती घोड्यांच्या संख्येने गुणायची. गाडीची चाके आणि बसणारी माणसे यांवरून किती घोडे जोडायचे ते नियमाने ठरलेले असे, प्रवाशाच्या मर्जीवर नव्हे. त्यात दर टप्प्याला सोबतच्या स्वाराचे पैसे मिळवायचे, आणि शाही पोस्ट असेल तर तीही.

वाटेत पैसे प्रत्येक चौकीवर आगाऊ द्यावे लागत, म्हणून सुटे नाणे भरपूर लागे. चौकी टाळून तेच घोडे पुढे दामटण्याची परवानगी नसे. मधली चौकी उठली असेल किंवा जागा बदललेली असेल आणि हाती गेल्या सालची यादी असेल, तर सगळा हिशेब कोसळे. यादी दरवर्षी नवी का निघे, त्याचे उत्तर यातच आहे. फ्रान्समधली घोड्यांची ही व्यवस्था १८७३ मध्ये बंद झाली.

ऑगिल्बीच्या पट्टी नकाशांचे एवढे कौतुक का?

कारण त्याने अंतर मोजले. जॉन ऑगिल्बीचे 'ब्रिटानिया' हे रस्त्यांच्या नकाशांचे पुस्तक लंडनमध्ये १६७५ ला निघाले : शंभर पाने, ७३ रस्ते, सुमारे ७,५०० मैल, एक इंच म्हणजे एक मैल, अर्थात १:६३,३६०. त्याआधी इंग्लंडमध्ये गावोगावचे मैल वेगळे होते. कायद्याने १५९३ मध्ये १,७६० यार्डांचा मैल सांगितला होता, पण वाटसरू जो मैल सांगत तो बहुधा त्याहून बराच लांब निघे. ऑगिल्बीने प्रत्येक रस्त्याला तीन अंतरे दिली : सरळ हवाई, लोक सांगतात ते, आणि रस्त्यावरून चाक ढकलत नेऊन मोजलेले. तिन्ही शेजारी ठेवून वाचण्यात खरी मौज आहे. लोकांचा आकडा जवळजवळ नेहमीच मोजलेल्या आकड्यापेक्षा कमी असतो.

चाकाचे गणित सोपे आहे. एक मैल ५,२८० फूट. पुढे प्रचारात आलेल्या अशा यंत्रांत चाकाचा घेर सव्वाआठ फूट ठेवत. ६४० फेऱ्या झाल्या की मैल पुरा, आणि दांड्यावरची तबकडी फेऱ्या मोजत जाते. चूक होते ती खड्ड्यांत आणि चिखलात. चाक खड्ड्यात उतरून वर चढले की अंतर वाढते. घसरले की कमी होते. पहिली चूक जास्त वेळा होते, म्हणून चाकाची अंतरे किंचित फुगलेली असतात.

आता एक पान जवळून पाहू. कागदावर उभ्या फिती रंगवल्यासारख्या दिसतात, कडा वळलेल्या. वाचन डाव्या फितीच्या तळापासून सुरू होते. वर जायचे, फीत संपली की उजवीकडच्या फितीच्या तळाशी यायचे. प्रत्येक फितीत वेगळे दिशाचक्र आहे, कारण रस्ता सरळ ठेवण्यासाठी उत्तर दिशा फिरवली आहे. एका फितीतली उत्तर दुसरीत चालत नाही. दोन्ही बाजूंना सलग रेघ असेल तर रस्त्याला कुंपण आहे, तुटक असेल तर तो मोकळ्या माळावरून जातो. टेकडी सुलटी काढली असेल तर चढ, उलटी असेल तर उतार. ही उलटी टेकडी पहिल्यांदा पाहणाऱ्याला कोरणाऱ्याची चूक वाटते. पण घोड्यावर बसून वाचणाऱ्यासाठी ती फार शहाणपणाची खूण आहे.

मूळ ग्रंथ एवढा जाडजूड की खोगिराला बांधून नेण्यासारखा नव्हता. खिशात किंवा खोगिराच्या पिशवीत मावतील अशा छोट्या आवृत्त्या १७१९-२० मध्ये आल्या. टपाल खात्यासाठी रस्ते नव्याने मोजण्याचे काम १७९४ मध्ये जॉन केरी या नकाशाकाराकडे आले. त्याने सुमारे नऊ हजार मैल मोजून १७९८ मध्ये आपली मार्गदर्शिका काढली. घाई समजण्यासारखी होती. बाथमार्गे ब्रिस्टल ते लंडन पहिली टपाल गाडी ऑगस्ट १७८४ मध्ये धावली होती, आणि वेळापत्रकाने धावणाऱ्या गाडीला अंदाजाचे मैल चालत नाहीत.

सॅक्सनीत अंतर तासांत का लिहीत?

तिथे 'तास' हे लांबीचेच माप होते. सॅक्सनीचा टपाल मैल म्हणजे दोन तास, म्हणून एक तास ४.५३१ किलोमीटर. आडाम फ्रीड्रिख त्स्युर्नर हा पाद्री. ऑगस्टस राजाच्या हुकमाने त्याने मोजणीचे चाक बसवलेल्या गाडीतून रस्ते मोजले आणि १७१८-१९ च्या सुमारास त्याचा टपाल नकाशा आला. १७२१ पासून हीच अंतरे दगडी खांबांवर कोरायला घेतली. गावाच्या वेशीवर उंच अंतर-स्तंभ, वाटेत पूर्ण मैलाचे, अर्ध्या मैलाचे आणि पाव मैलाचे दगड. खांबांवर राजाच्या नावाची 'ए' आणि 'आर' ही गुंफलेली अक्षरे, टपालाचे शिंग आणि साल दिसते.

यांतले कितीतरी खांब आजही उभे आहेत, त्यामुळे कागदावरचा आकडा दगडावर पडताळण्याची इतकी सोय क्वचितच कुठे मिळेल. खांबावर ५¼ तास असे कोरले असेल तर ५.२५ गुणिले ४.५३१, म्हणजे २३.८ किलोमीटर. आजच्या रस्त्याशी ते तंतोतंत जुळणार नाही. मध्ये वळणे काढली गेली आहेत, वळसेही पडले आहेत.

एट्झलाउबच्या नकाशात दक्षिण वर का?

तो होकायंत्रे आणि खिशातली सूर्यघड्याळे बनवणारा कारागीर होता. सूर्यघड्याळ दक्षिणेकडे तोंड करून धरतात. नकाशा त्याच्याशेजारी ठेवला की समोरची दिशा वर येते. शिवाय न्यूरेंबर्गहून रोम दक्षिणेलाच आहे.

नकाशात रस्ता आहे, पण जमिनीवर सापडत नाही. का?

बहुतेक वेळा तो रस्ता तसा नव्हताच. दोन चौक्या सरळ रेघेने जोडण्याची पद्धत होती. मधली वळणे, नदीचा उतार, खिंड काहीच दाखवत नसत. म्हणून रेघेच्या मागे जाऊन जुना रस्ता शोधू नये. चौक्यांची ठिकाणे नक्की करावीत आणि मधली वाट मोठ्या प्रमाणावरच्या नंतरच्या सर्वेक्षणातून घ्यावी. दुसरे कारण छपाईचा जुना ताम्रपट, म्हणजे नकाशा कोरलेला तांब्याचा पत्रा. कोरलेला पट महाग, म्हणून प्रकाशक तोच वर्षानुवर्षे वापरत आणि नवी चौकी जमेल तिथे कोरून घालत. उठलेली चौकी घासून काढायचे कष्ट फार थोडे घेत.

छापल्याचे साल कसे ठरवायचे?

नकाशावरच्या सालावर एकट्यावर विसंबू नका. ते पहिल्या आवृत्तीचे असू शकते. प्रकाशकाचे नाव जास्त बोलते. होमान १७२४ मध्ये वारला, त्याचा मुलगा १७३० मध्ये. 'होमानचे वारस' असे छापले असेल तर नकाशा १७३० नंतरचा. फ्रान्सच्या नकाशात प्रांतांऐवजी देपार्तमाँ, म्हणजे क्रांतीनंतर आखलेले जिल्हे, असतील तर १७९० नंतरचा.

अस्सल छाप की नंतरची नक्कल?

दहापट भिंगातून रेघ पाहा. ताम्रपटाची रेघ टोकाला निमुळती होते आणि शाई कागदावर किंचित उठून असते. बारीक ठिपक्यांची जाळी दिसली तर ती आधुनिक छपाई. पटाच्या कडेचा दाब कागदावर चौकोनी खळगीसारखा उमटलेला असावा; बोट फिरवले की कळतो. कागद उजेडासमोर धरा. साधारण अडीच सेंटिमीटर अंतराने समांतर रेघा आणि त्यांना काटकोनात दाट बारीक रेघा दिसायला हव्यात. तशा रेघा नसलेला गुळगुळीत कागद अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात प्रचारात आला. १६३२ च्या नकाशाचा कागद तसा असेल तर तो नंतरचा. रंगाने भुलू नये. कित्येक जुन्या छापांवर रंग गेल्या शतकात चढवला आहे.

संगणकावर आजच्या नकाशाशी कसा जुळवायचा?

क्यूजीआयएस ही नकाशांची मोफत संगणक प्रणाली पुरेशी आहे. जुन्या आणि आजच्या नकाशावर जुळणारे कमीत कमी तीस बिंदू घ्या आणि ते सगळ्या कागदावर पसरवा. एका भागात दाटी केली तर बाकीचा भाग वेडावाकडा ताणला जातो. बिंदूसाठी गावाच्या चित्रातले छोटे वर्तुळ धरा. मनोरा किंवा नाव नको. नदीचे मुख आणि किनारा टाळा, ते सर्वांत चुकीचे काढलेले असतात. आधी साधे बहुपदी रूपांतर करून उरलेली चूक पाहा. एखादाच बिंदू फार चुकत असेल तर बहुधा गावच चुकीचे ओळखले आहे. एका नावाची दोन-तीन गावे जर्मनीत सर्रास आहेत. पातळ पत्र्याच्या पद्धतीने (थिन प्लेट स्प्लाइन) जुळवल्यास चूक शून्य दिसते, ती खरी नव्हे, नुसती झाकलेली असते. एट्झलाउबचा नकाशा आधी १८० अंश फिरवून घ्या.

भारतात असे काही छापले गेले का?

हो, पण उशिरा, आणि प्रामुख्याने जंत्रीच्या रूपात. वॉरन हेस्टिंग्जने १७७४ मध्ये कंपनीची डाक लोकांना खुली केली. जेम्स रेनेलने बंगाल-बिहारच्या रस्त्यांची जंत्री १७७८ मध्ये लंडनला छापली. पश्चिम भारतासाठी कॅप्टन जॉन क्लून्स याची मुंबई इलाख्यातल्या मार्गांची जंत्री १८२६ ची आहे. महाराष्ट्रातल्या जुन्या वाटांवर काम करणाऱ्याने ती पाहायलाच हवी. कोकण आणि देश यांना जोडणारा बोरघाटाचा गाडीरस्ता १८३० मध्ये खुला झाला, म्हणजे क्लून्सच्या पुस्तकातला मुंबई-पुणे प्रवास त्याआधीचा आहे.

युरोपात घोडे बदलत, इथे भोई. पालखीच्या डाकेने जायचे तर टपाल अधिकाऱ्याला आधी कळवून दिवस आणि वेळ द्यावी लागे. मग टप्प्याटप्प्याला सहसा आठ भोई, रात्रीसाठी मशालजी आणि सामानासाठी कावडवाले तयार ठेवत. टप्पा दहा-बारा मैलांचा. जुन्या कागदांतला कोस सरसकट दोन मैल धरू नये, तो मुलखागणिक बदलतो.

आशियात दुसरीकडे कुठे?

जपानमध्ये. एदो ते क्योतो या तोकाइदो मार्गाचा, ५३ चौक्यांचा, घडीचा छापील नकाशा १६९० मध्ये निघाला. प्रमाण सुमारे १:१२,०००, म्हणजे ऑगिल्बीपेक्षा पाचपट मोठे, आणि वाटेवरची माणसे, दुकाने, नदीचे उतार सगळे चितारलेले.

घरी एखादा मूळ नकाशा आहे. पावसाळ्यात काय करावे?

मुंबई-कोकणात हीच मुख्य अडचण. हवेतली आर्द्रता ६५-७० टक्क्यांच्या वर राहिली की बुरशी धरते; ४५ ते ५५ टक्के चांगली. नकाशा सपाट ठेवा, आम्लरहित कागदाच्या घडीत, बाहेरच्या भिंतीपासून दूर. सिलिका जेलची पाकिटे पेटीत ठेवा आणि दर महिन्याला बदला किंवा तापवून कोरडी करा. लॅमिनेशन कधीही नको, सेलोटेपही नको. त्याचा गोंद पिवळा पडून कागदात उतरतो आणि मग निघत नाही.

हिरव्या रंगाकडे खास लक्ष द्या. जुना हिरवा तांब्यापासून केलेला असे आणि तो कागद खातो. मागच्या बाजूने पाहा. हिरव्या सीमारेषेच्या नेमक्या मागे तपकिरी पट्टा उमटला असेल तर तिथे कागद ठिसूळ झाला आहे, तिथे घडी घालू नका, पाणीही लावू नका. फाटलेली घडी गव्हाच्या सत्त्वाची खळ आणि पातळ जपानी कागद वापरून जोडता येते, पण ते काम संवर्धकाकडूनच करून घ्यावे.

मूळ नकाशे कुठे पाहता येतील?

फ्रान्सचे टपाल नकाशे आणि जायोच्या याद्या तिथल्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या 'गॅलिका' संकेतस्थळावर, त्स्युर्नर आणि सॅक्सनीसाठी 'डॉइचे फोटोथेक', आणि इतर पुष्कळ नकाशांसाठी डेव्हिड रमसी संग्रह. शोधताना नाव मूळ लिपीत आणि जुन्या वर्णलेखनात टाका, नाहीतर निम्मे निकाल सुटतात. उतरवून घेताना सर्वांत मोठी प्रतिमा घ्या. आडव्या रेघा एक की दोन, हे छोट्या प्रतिमेत कळत नाही, आणि सगळा हिशेब त्या रेघांवरच उभा असतो.